चऱ्हाट, गोऱ्हा आणि तू : युनिकोडला अनावृत पत्र

प्रिय युनिकोडास,

अनेक आशीर्वाद.

वयानं मी तुझ्याहून बरीच मोठी, म्हणून नमस्काराऐवजी आशीर्वाद. तुझी पहिली आवृत्ती १९९१च्या ऑक्टोबरात निघाली. पुढच्याच वर्षी मी पुण्यात डीटीपीच्या कामाला लागले. अक्षरांच्या कामावर आपण दोघं जवळपास एकदमच रुजू झालो, पण तुझी माझी गाठ पडायला पंधरा वर्षं गेली. त्या पंधरा वर्षांत मी जे टाइप केलं, त्याबद्दल तुला लिहिते आहे.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगा माझ्याकडे सीडी घेऊन आला. त्याचे आजोबा खटाव तालुक्यात प्राथमिक शाळेवर गुरुजी होते. निवृत्तीनंतर वाड्यावस्त्यांवर फिरून त्यांनी शेतीतले शब्द गोळा केले. पाभर, चाडं, शिवळ, तिवडा, मोटेचा नाडा. ट्रॅक्टर आल्यावर अवजारं माळ्यावर जाणार आणि त्यांच्यामागोमाग शब्दही, हे त्यांनी वेळेत ओळखलं होतं. सुमारे तीन हजार शब्द, प्रत्येकापुढे अर्थ, आणि बहुतेक ठिकाणी तो शब्द ज्याच्या तोंडून ऐकला त्याचं गाव. १९९७ साली ते हस्तलिखित मी टाइप केलं. गुरुजी एसटीनं यायचे आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसून प्रूफं बघायचे. पाचशे प्रती छापल्या, वाटल्या, संपल्या. आता गुरुजी नाहीत. नातवाला तो कोश इंटरनेटवर ठेवायचा होता, कुणालाही त्यात शब्द शोधता यावा म्हणून. फाइल तर होतीच. दोन दिवसांचं काम, असं त्याला वाटलं आणि मलाही.

फाइल उघडली. पडद्यावर एकही मराठी अक्षर नव्हतं. टोप्या घातलेली, शेपट्या फुटलेली रोमन अक्षरं, मध्येच अपूर्णांक, पौंडाचं चिन्ह, रिकामे चौकोन. ज्या प्रोग्रामबरोबर तो फॉन्ट यायचा, त्याला संगणकाच्या मागे बसवायचं एक लॉक असायचं. ते बसवायची जागा आताच्या संगणकाला नाही, आणि तो प्रोग्रामही आता चालत नाही. गुरुजींचे तीन हजार शब्द सीडीवर जसेच्या तसे होते. एकही खराब झाला नव्हता आणि एकही वाचता येत नव्हता.

असं का झालं, हे तुला ठाऊक आहे. पण हे पत्र इतरही वाचतील, म्हणून सांगते. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. तेव्हाच्या फॉन्टात जागा असायच्या २५६, आणि त्या आखलेल्या होत्या रोमन लिपीसाठी. मराठीला पूर्ण अक्षरं हवीत, अर्धी हवीत, जोडाक्षरं हवीत, काना, मात्रा, वेलांट्या, रफार हवेत. फॉन्ट बनवणाऱ्यांनी हे सगळे तुकडे जिथं जागा मिळेल तिथं बसवले, आणि प्रत्येकानं आपापल्या सोयीनं. एकाच्या ‘क’चा आकडा दुसऱ्याकडे ‘ज’चा. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरंच राहिली, फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवायचा. फॉन्ट गेला की मुखवटा गेला.

त्या फॉन्टांना मी नावं ठेवणार नाही. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम यांच्यामुळे मराठी पडद्यावर आली, शेकडो घरं चालली, माझंही चाललं. त्या यंत्रांवर त्या वेळी दुसरा मार्गही नव्हता. पण आम्हाला एक गोष्ट कुणी सांगितली नाही आणि आम्हीही विचारली नाही : हे वीस वर्षांनी उघडेल का?

माझे वडील कंपोझिटर होते. बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात शिशाचे खिळे जुळवत त्यांचं आयुष्य गेलं. लहानपणी डबा द्यायला जायचे तेव्हा मी त्यांचे हात बघत उभी राहायचे. डोळे हस्तलिखितावर आणि बोटं केसच्या, म्हणजे खिळ्यांच्या पेटीच्या, खणांत. शेकडो खण, पण ‘ळ’ कुठं आहे हे त्यांना बघावं लागत नसे. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशातल्यासारखं. तरी तो ‘क’ असला तर ‘क’च असायचा. हातात घेतला की कळायचा. संगणक आला तेव्हा मी त्यांना मोठ्या अभिमानानं माझं काम दाखवायला नेलं होतं. त्यांनी अक्षरांची वळणं बघितली, शाबासकी दिली आणि विचारलं, ‘यातला क कुठंय?’ मला प्रश्नच कळला नाही. मी पडद्यावर बोट ठेवलं. त्यांना काय विचारायचं होतं, ते मला ती सीडी उघडल्यावर कळलं.

तू ‘क’ला खण दिलास, सगळ्या संगणकांवर एकच आकडा : ०९१५. देवनागरीसाठी तू १२८ जागा राखल्यास, आणि त्यांची मांडणी आपल्याच देशातल्या अभियंत्यांनी १९८८ साली ठरवलेल्या ‘इस्की’ या संकेतावरून घेतलीस, हे मला फार मोलाचं वाटतं. वडिलांच्या केसमध्ये शेकडो खण लागायचे आणि तुला १२८ पुरतात, याचं मला आधी नवल वाटायचं. मग लक्षात आलं, तू आकार साठवत नाहीस, अक्षर साठवतोस. ‘क्ष’ला तुझ्याकडे वेगळी जागा नाही. ‘क’चा पाय मोडायचा आणि ‘ष’ जोडायचा. पहिलीच्या बाई शिकवतात तसंच. पुढं तो कसा काढायचा ते फॉन्टनं बघावं. विंडोजबरोबर आलेला ‘मंगल’ हा आम्हाला भेटलेला तसा पहिला फॉन्ट. तो र. कृ. जोशींनी केला, आयुष्यभर देवनागरीच्या वळणांवर प्रेम केलेल्या कवीनं आणि सुलेखनकारानं.

आणि तुझं ते वचन. एकदा दिलेली जागा काढून घ्यायची नाही, बदलायची नाही. ०९१५ वर ‘क’ आहे तो तिथंच राहणार. तुझ्याबद्दल मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या एका नियमासाठी.

तुझ्याकडे येताना माझ्या बोटांना त्रास झाला. आम्ही पहिली वेलांटी आधी मारायचो, कारण ती दिसते आधी. ‘कि’ लिहायचं तर वेलांटी, मग ‘क’. तू म्हणालास, आधी ‘क’, मग वेलांटी, कारण उच्चार तसा आहे. पंधरा वर्षांची सवय मोडायला मला सहा महिने लागले, आणि आता वाटतं की तूच बरोबर होतास.

पण सगळंच बरोबर होतं असं नाही. माझ्या तक्रारीही ऐकून घे.

‘ॲ’ बघ. ॲल्युमिनियम, ॲसिड, ॲप : हे अक्षर मराठीला रोज लागतं. तुझ्याकडे पहिल्यापासून ‘ऍ’ होता, पण मराठी माणूस ‘अ’वर चंद्र काढतो. तो ‘ॲ’ तुझ्याकडे यायला २००८ साल उजाडलं. सतरा वर्षं. रुपयाचं चिन्ह मात्र सरकारनं २०१० च्या जुलैत ठरवलं आणि ऑक्टोबरात तुझ्याकडे त्याला जागा मिळाली. ‘ॲ’च्या त्या सतरा वर्षांत लोक थांबले नाहीत. त्यांनी ‘अ’ टाइप केला, त्याला चंद्र जोडला आणि काम भागवलं. आता तुझ्या पुस्तकात लिहिलंय की तसं लिहू नये. पण जे लिहून झालंय त्याचं काय? दोन्ही दिसतात सारखे, आकडे मात्र वेगळे. एका पद्धतीनं शोधलेला शब्द दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेल्या मजकुरात सापडेलच, याची खात्री नाही.

त्याहून मोठं दुखणं अर्ध्या ‘र’चं. आचार्यांना पगार दिला आणि आचाऱ्यांना पगार दिला, या दोन वाक्यांत एक विद्यापीठात घडतं, दुसरं मुदपाकखान्यात. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. हा ‘ऱ’ तुझ्या ०९३१ वर आहे. तो आधी दक्षिणेकडच्या भाषांतला एक ध्वनी देवनागरीत लिहिता यावा म्हणून ठेवलेला होता, मराठीनं तो आपल्या कामाला लावला. पण त्याच्या आधीची आणखी एक रीत आहे : साधा ‘र’, मोडका पाय आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. तीही तू चालू ठेवलीस, जुन्या मजकुरासाठी. मग झालं काय, की एकाच शब्दाच्या दोन जाती तयार झाल्या. गुरुजींच्या कोशात चऱ्हाट आहे, गोऱ्हा आहे, कुऱ्हाड, सऱ्या, पऱ्हाटी आहे. जुन्या फाइलवर मी रूपांतराचा एक प्रोग्राम चालवून बघितला. त्यानं अक्षरं मराठीत आणली, पण चऱ्हाटाचं ‘चर्हाट’ केलं आणि गोऱ्ह्याचा ‘गोर्हा’. काही ठिकाणी अर्धा ‘र’ गिळूनच टाकला. ज्या शब्दांसाठी गुरुजी उन्हातान्हात फिरले, नेमके तेच शब्द मोडले.

तुझं वचन मला ठाऊक आहे, त्यामुळे जुनी रीत काढून टाक असं मी म्हणणार नाही. पण शोधाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांना, कीबोर्ड बनवणाऱ्यांना ठासून सांग की मराठीसाठी हे दोन एकच समजा. ते तुझं ऐकतात. आमचं ऐकत नाहीत.

मोबाइलवर तर तुझ्यामुळे मराठी महाग झाली, हेही सांगायला हवं. रोमन अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावायची, देवनागरीत ७०. त्यात काना, वेलांटी, मोडका पाय, सगळं वेगळं मोजलं जायचं. ‘स्त्री’ हा एक शब्द सहा जागा खायचा. आमच्या पोरांनी मराठी रोमनमध्ये लिहायची सवय लावून घेतली, त्यामागे हा हिशेबही होता. तो हिशेब आता राहिला नाही, पण सवय राहिली.

आता तुझ्या आडून आमच्या माणसांशी दोन शब्द.

मराठी विकिपीडिया २००३ च्या १ मेला सुरू झाला, महाराष्ट्र दिनी, पूर्ण तुझ्या अक्षरांत. त्यानंतरही कितीतरी वर्षं आम्ही पुस्तकं जुन्याच फॉन्टांत करत राहिलो. कारण होतं : पानं जुळवायच्या प्रोग्रामांना तू बराच काळ समजत नव्हतास, जोडाक्षरं फुटायची. आता ते कारण उरलेलं नाही, तरी आजही माझ्याकडे मॅटर येतं ते जुन्या फॉन्टात. प्रकाशक म्हणतात, पीडीएफ आहे ना? जुन्या फॉन्टातली पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो समजा. त्यातून ओळ उचलली तर वेलांट्या उडतात, शब्द फुटतात. ती अंध वाचकाला संगणक वाचून दाखवू शकत नाही. तिच्यात शब्द शोधता येत नाही. १९९० ते २०१० या काळात महाराष्ट्रात किती कोश, किती स्थानिक इतिहास, किती दिवाळी अंक निघाले! त्यांच्या फाइली कुणाच्या तरी कपाटात सीडीवर पडून आहेत, आणि सीडीही फार वर्षं टिकत नाही. प्रकाशकांनो, लेखकांच्या वारसांनो, त्या आत्ताच बाहेर काढा. ज्या ऑपरेटरांनी ते काम केलं, त्यांतले आम्ही काही जण अजून आहोत. कुठल्या फॉन्टात कुठला तुकडा कुठं होता, हे आमच्या बोटांना अजून आठवतं.

मोडीला तू २०१४ साली जागा दिलीस, त्याबद्दल मात्र तुझे आभार मानल्याशिवाय राहवत नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. ती लिपी रोजच्या व्यवहारातून गेली होती. गेलेल्या लिपीलाही खण ठेवणारा तू, आणि चालत्या लिपीतल्या फाइली हरवणारे आम्ही.

गुरुजींचा कोश मी छापील प्रतीवरून पुन्हा टाइप करते आहे. नातू शनिवारी येतो आणि स्टुलावर बसून प्रूफं बघतो. ‘द’पर्यंत झालंय. परवा पुढची पानं चाळताना एक गमतीची अडचण समोर आली. ‘ळ’नं सुरू होणारा शब्द मराठीत नाही, तरी गुरुजींनी ‘ळ’चं एक पान ठेवलं आहे आणि त्यावर ‘ळ’नं संपणारे शब्द लिहिले आहेत. ते पान त्यांनी वर्णमालेप्रमाणे ‘ह’च्या पुढे घातलंय. तुझ्या आकड्यांच्या क्रमानं संगणकाला लावायला सांगितलं, की ते ‘ल’च्या मागोमाग, ‘व’च्या आधी येऊन बसतं. नातवानं विचारलं, कुठं ठेवायचं? मी ते ‘ह’च्या पुढेच ठेवते आहे. फाळ, शिवळ, गुऱ्हाळ.

तुझी,
एक डीटीपी ऑपरेटर,
पुणे