खाचा पुसलेली एन्फिल्ड : गुलमंडीतील एका बंदुकीचा माग

१/ गुलमंडीच्या एका गल्लीत माझ्या मित्राच्या आजोबांचा वाडा आहे. तेथे माजघराच्या भिंतीवर ठासणीची एक लांब बंदूक टांगलेली आहे. १८५७ मध्ये काळ्या चबुतऱ्यावर प्राण दिलेल्या एका स्वाराची ही बंदूक, अशी त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली समजूत. गेल्या हिवाळ्यात आजोबा मला म्हणाले, "तू इतिहास शिकतेस ना? मग हिचं खरं काय ते सांग." त्या शोधाचा हा धागा.

२/ आधी शहराचा संदर्भ. जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या छावणीत हैदराबाद कंटिन्जंटचे पहिले घोडदळ होते. आपल्याला निजामाच्या राज्याबाहेर नेऊन दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढवणार, या वार्तेने स्वार बिथरले. जनरल वुडबर्नची फौज आली, उठाव मोडला गेला आणि दफेदार मीर फिदा अली यांना फाशी झाली. तो काळा चबुतरा म्हणजे आजचा क्रांती चौक. गुलमंडीहून पायी अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येते. एवढ्या जवळच्या घरांत सत्तावन्नची आठवण जपली गेली, यात नवल नाही.

३/ बंदुकीचा परवाना आजोबांकडे आहे. तरीही ठासणीची जुनी बंदूक भरलेलीच आहे असे समजून हाताळावी. नळीत तळापर्यंत काठी सोडून तोंडाशी खूण करायची, मग तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहायची. काठी घोड्याजवळच्या टोकापर्यंत पोहोचली तर नळी रिकामी. बोट-दोन बोटे अलीकडे थांबली तर आत जुना बार असू शकतो. अशा वेळी जाणकाराला बोलवावे. ही नळी रिकामी होती.

४/ घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर मुकुट, 'व्ही. आर.' म्हणजे राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरे, 'टॉवर' हा शब्द आणि १८५६ हे साल. नळी ३९ इंच लांब, लाकडाला तीन कड्यांनी बांधलेली. ही १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड. जानेवारी १८५७ मध्ये डमडमला चरबीच्या काडतुसांची वदंता उठली, ती याच जातीच्या बंदुकीवरून. साल वाचून दाखवताच घरात सर्वांचे चेहरे उजळले.

५/ माझ्या मनात मात्र एक शंका उभी राहिली. या बंदुकीची एकूण लांबी ५५ इंच, म्हणजे साडेचार फुटांहून थोडी अधिक. हे पायदळाचे शस्त्र. धावत्या घोड्यावर एवढी लांब बंदूक तोंडाकडून ठासून भरणे जवळजवळ अशक्य. म्हणून घोडदळासाठी आखूड कार्बाइन असे. औरंगाबादेत उठले होते ते तर घोडेस्वार.

६/ मग मी व्हर्निअर कॅलिपरने नळीचे तोंड मोजले. एन्फिल्डची नळी ०.५७७ इंचाची, म्हणजे सुमारे १४.७ मिलिमीटर, आत तीन पीळदार खाचा. त्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि नेम लांबवर टिकतो. येथे माप आले सुमारे १६.६ मिलिमीटर आणि आतली भिंत सपाट, गुळगुळीत. अंतराप्रमाणे वर-खाली करता येणारी मागची माशीही नव्हती. तिच्या जागी एकच स्थिर खाच होती.

७/ याचा उलगडा १८५८ च्या लष्करी धोरणात आहे. उठावानंतर भारतीय शिपायांच्या हाती खाचांची रायफल द्यायची नाही, असे सरकारने ठरवले. तयार एन्फिल्ड बंदुका आतून खरवडून ०.६५६ इंचाच्या केल्या गेल्या आणि त्यांवर स्थिर माशी बसवली. शेकडो यार्ड नेम धरणारे शस्त्र शंभर यार्डांपलीकडे बेभरवशाचे झाले. खरवडल्याने नळ्या पातळ होऊन फुगू लागल्या, म्हणून १८५९ मध्ये जाड नळीचा, मुळातच गुळगुळीत असा नवा नमुना काढला. गोऱ्या शिपायांच्या रायफली मात्र तशाच राहिल्या.

८/ हे काम एखाद्या स्थानिक कारागिराने शिकारीसाठी केले असेल का? छर्रे उडवण्यासाठी जुन्या लष्करी बंदुका खरवडल्या जात. पण तेव्हा बहुधा नळी आखूड करत, पुढचे लाकूड कापत. येथे तिन्ही कडी, पूर्ण लाकूड आणि संगीन अडकवायची जागा शाबूत आहे. लाकडावर टोकाला टोक भिडलेले दोन बाण आहेत. सरकारी मालकी संपवून विकलेल्या मालाची ती खूण.

९/ म्हणजे जन्म १८५६ चा, फेरफार सत्तावन्ननंतरचा आणि पुढे विक्री. ज्या स्वारांना जून १८५७ मध्ये शिक्षा झाल्या, त्यांच्यापैकी कोणाच्या हाती ही बंदूक या रूपात असणे शक्य नाही. हे आजोबांना सांगणे मला जड गेले. ते बराच वेळ नळीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ही त्यांची नाही. त्यांच्या धाकाची आहे." माझ्या पंधरा पानी टिपणाचे सार त्यांनी दोन वाक्यांत सांगितले.

१०/ तो धाक पुढेही टिकला. विसाव्या शतकात ईशापूरच्या कारखान्यात ली-एन्फिल्ड रायफली खरवडून ०.४१० बोअरच्या, एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या गुळगुळीत बंदुका केल्या गेल्या आणि त्या पोलीस-पहारेकऱ्यांना दिल्या.

११/ तुमच्या घरी असे शस्त्र असेल, तर ते पॉलिश पेपरने घासू नका. गंजाबरोबर खुणाही जातात. तिरप्या उजेडात प्रत्येक खुणेचे छायाचित्र घ्या, नळीचे तोंड मोजा आणि घरातील आख्यायिका सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून ठेवा. बंदूक आणि आख्यायिका यांचा मेळ बसला नाही, तरी दोन्ही जपा.