‘आमच्यात पोरं अशीच असतात’

कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राने दिलेली कर्जत-३, कर्जत-७ ही भाताची वाणं कोकणातल्या शेतकऱ्याला परिचयाची आहेत. समजा, अनेक वाणांची मिसळ केलेलं बियाणं घेतलं; एक मूठ खाचरात पेरली, दुसरी उतारावरच्या वरकस जमिनीत. प्रत्येक तुकड्यात काही रोपं उंच होतील, काही ठेंगणी. जमीन तीच, तेव्हा तो फरक बियाण्याचा. पण खाचरातलं सगळंच पीक तरारलेलं आणि वरकसावरचं खुजं दिसलं, तर तो फरक जमिनीचा. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० मध्ये बियाण्याचंच उदाहरण घेऊन हा युक्तिवाद मांडला होता.

बालरोगतज्ज्ञ म्हणून कर्जत-खालापूरच्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांवर मुलं तपासताना मला तो सतत आठवतो. दंडघेराची पट्टी ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेली की ते तीव्र कुपोषण. आई मात्र शांतपणे म्हणते, ‘आमच्यात पोरं अशीच असतात.’ शिकलेली माणसं हेच जरा सभ्य शब्दांत सांगतात: त्यांच्या रक्तातच आहे. फ्रान्सिस गॉल्टनने १८७४ मध्ये निसर्ग आणि संगोपन यांना आमनेसामने उभं केलं. तो वाद आजही अशा वाक्यांतून वाड्यांवर पोचतो.

त्याला उत्तर मिळालेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या, चांगल्या परिस्थितीत वाढणाऱ्या मुलांची मोजमापं घेतली. त्यांच्या उंचीतल्या एकूण फरकापैकी देशांमुळे पडलेला फरक जेमतेम तीन टक्के निघाला. दिल्लीचं आणि ऑस्लोचं मूल पहिली पाच वर्षं जवळपास सारखंच वाढतं. मात्र दोघांना पोटभर अन्न, स्वच्छ पाणी आणि निरोगी आई मिळायला हवी.

मग ठेंगण्या आईचं बाळ जन्मतःच लहान का? कारण परिस्थितीचा पहिला मुक्काम आईच्या पोटात असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं स्नायूंनी कमी भरली, पण त्वचेखालची चरबी त्यांनी राखली. पुढे होणाऱ्या मधुमेहाची पूर्वतयारीच ती. शिवाय मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची बीजांडं तयार झालेली असतात. म्हणजे आजच्या बाळाचं अर्धं बीज आजीच्या पोटात घडलं. आजीची उपासमार अशी नातवापर्यंत पोचते, आणि आपण तिला रक्त म्हणतो.

ही उपासमार इथे ऋतूंच्या हिशेबाने येते. पावसाळ्यात रानात टाकळा, कुरडू, भारंगी मिळते, ओहोळात चिंबोऱ्या मिळतात, पण घरातलं धान्य संपलेलं असतं. मुकादमाकडून उचल घेतली जाते. दिवाळीनंतर ती फेडायला कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात. तिथे रोजचा भात मिळतो, पण रान सुटतं. पुण्याच्या त्याच अभ्यासात हिरव्या पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं वजनाने सरस आढळली होती. राज्याची अमृत आहार योजना २०१५ पासून आदिवासी गरोदर बाईला अंगणवाडीत चौरस जेवण देते. पण अंगणवाडी वाडीत आणि बाई भट्टीवर, असं झालं की ताट तिच्यापर्यंत पोचत नाही.

जनुकांचं काम मी नाकारत नाही. सिकलसेल आईबापांच्या जनुकांतूनच येतो. पण लवकर निदान, औषधं आणि निगा यांनी त्याचाही त्रास कमी होतो. जनुकांत असलेलं सगळंच अटळ नसतं, तर भुकेला अटळ कसं मानायचं?

दिवाळी सरली की वाड्यांवर भट्टीला निघायची बांधाबांध सुरू होते. भट्टीवर निघालेल्या गरोदर बाईचं जेवण, लोहाच्या गोळ्या आणि मुलाच्या वजनाची नोंद तिच्यामागे भट्टीपर्यंत गेली पाहिजे. वाडीतल्या किशोरवयीन मुलीचं पोषण लग्नाच्या कितीतरी आधी सुरू झालं पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या खंगलेलं शरीर एका वर्षात भरून येत नाही. पुरतं भरायला दोन-तीन पिढ्या लागतील. तेवढा काळ हे काम न थांबवता चालवणं ही सरकारची आणि आपली जबाबदारी आहे.