कंसातील ओळ

नाट्यपदे मी प्रथम ऐकली ती तबकडीवर. वाचली पुष्कळ उशिरा. आजोळच्या फडताळात ‘संगीत स्वयंवर’ (१९१६) या नाटकाचे पाने सुटलेले पुस्तक सापडले, तेव्हा पदांच्या डोक्यावर कंसात छापलेल्या मजकुराने मला कोड्यात टाकले : राग, ताल आणि पुढे ‘चाल’ म्हणून कुठल्याशा हिंदी चिजेचे पहिले दोन-तीन शब्द. ती ओळ ओलांडून मी पदे वाचली. संहिता कंसाच्या खाली सुरू होते, अशी साहित्याच्या विद्यार्थ्याची समजूत होती.

ही ओळ म्हणजे उसनवारीची कबुली नव्हे. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून (१८८०) रूढ चालींवर पदे रचली जात, साकी, दिंडी, लावणी, कानडी गाणी, काहीही वर्ज्य नव्हते. नटाला ठाऊक असलेल्या गाण्याकडे बोट दाखवले की पद कसे म्हणायचे ते त्याला उमगे. पुढे ‘मानापमाना’त (१९११) गोविंदराव टेंबे व ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखले यांच्यामुळे ते बोट ठुमरी-दादऱ्याकडे आणि ख्यालाच्या चिजांकडे वळले. आज दिशा उलटली आहे. पद पाठ असते आणि चीज शोधावी लागते.

हा शोध घेणाऱ्यांत प्राध्यापक थोडे. मला ज्यांनी या वाटेला लावले ते टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांच्या वहीत डावीकडे पद, उजवीकडे चीज, आणि खाली ती कोणाकडून ऐकली याची नोंद असे. छापील शब्दांवर त्यांचा विश्वास नव्हता. मराठी कानांनी टिपलेली ब्रज, त्यात खिळे जुळवणाऱ्याची भर. भास्करबुवांना ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर अशा तिन्ही घराण्यांची तालीम होती, म्हणून तिन्हीकडची जुनी ध्वनिमुद्रणे ते धुंडाळीत.

एका चर्चासत्रात मी आंतरसंहितात्मकतेवर निबंध वाचला आणि एका पदाचे मूळ अमुक चिजेत असल्याचे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. मागच्या रांगेतून ते म्हणाले, “अहो सर, तुम्ही दाखवलेले साम्य हा नुसता यमन आहे. यमन काय कोणाच्या घरून मागून आणावा लागतो?” रागाचे स्वरवाक्य हा पुरावा होत नाही, चीज समेवर कशी येते आणि अंतरा कसा उचलतो ते पाहावे, असे त्यांनी मला नंतर चहा घेताना समजावले. प्रभावाभ्यासावरच्या ग्रंथांत इतकी नेमकी कसोटी मला क्वचितच आढळली आहे.

त्या कसोटीने माझे काही पाठ मोडले. खाडिलकरांची पदे क्लिष्ट आहेत, हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. चीज ऐकल्यावर ध्यानात आले की चाल आधी तयार होती आणि शब्दांना तिच्या मात्रांत बसायचे होते. क्लिष्टता त्यामुळे नाहीशी होत नाही. पण ती केवळ कवीच्या स्वभावाची राहत नाही.

मात्र एक बाब मला अजून टोचते. वहीतल्या एका चिजेच्या अंतऱ्यात ‘सदारंग’ ही मुद्रा होती. मुहम्मदशाहाच्या दरबारातील नियामतखान त्या नावाने चिजा बांधीत, आणि इतर रचनाकारांचीही नावे अशीच अंतऱ्यात गुंफलेली असतात. कंसातील ओळीत येतो तो केवळ मुखडा. अंतऱ्याच्या जागी मराठी शब्द आले की मुद्रा पुसली जाते. म्हणजे पुस्तक गाण्याचे ऋण मानते आणि रचणाऱ्याचे नाव, कोणताही दुष्ट हेतू नसताना, गाळते. आपण समीक्षक ‘लेखकाचा मृत्यू’ सिद्धान्तातून शिकलो. येथे तो छपाईच्या सोयीतून कधीच घडून गेला होता. निबंधात हे लिहिण्याचे मला सुचले नव्हते. त्या गृहस्थांनी मात्र प्रत्येक चिजेखाली मुद्रा लाल शाईने लिहिली होती.

ती वही आता माझ्याकडे आहे. शेवटच्या पानांवरील अकरा पदांपुढे उजवी बाजू कोरी आहे. त्यांपैकी एका पदाची चीज गेल्या पावसाळ्यात एका वृद्ध गायिकेने मला गुणगुणून दाखवली. अस्ताई पूर्ण, पण अंतरा त्यांना आठवेना. मी ती पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.