मोहाचा दोना

मराठीत ‘तो पितो’ एवढेच म्हटले तरी वाक्य पुरे होते. काय पितो, हे कुणी विचारत नाही. सकर्मक क्रियापदाने आपले कर्म असे गिळून टाकावे, ही गोष्ट मी व्याकरणात नव्हे, चंद्रपूरच्या आमच्या घरात शिकले. वडील स्वयंपाकघराच्या दाराआड उभे राहून स्टीलच्या पेल्यातून पीत. आई तो पेला नंतर राखेने घासून वेगळ्या फळीवर ठेवी. १ एप्रिल २०१५ रोजी जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली तेव्हा वडील हयात नव्हते. तरी आईने देवापुढे साखर ठेवली. २०२१ मध्ये बंदी उठल्याचे कळले त्या दिवशी ती जेवली नाही.

दारू वाढण्याचीही एक रीत असते हे मला कळले ते धानोरा तालुक्यात, एका विद्यार्थिनीच्या गोंड घरी. (गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती व्हावी म्हणून तिथल्या बायकाच पुढे झाल्या होत्या. म्हणूनच या रीतीचे नुसते गोडवे गाणारे लेख मला खोटे वाटतात.) एप्रिलचे दिवस. अंगणात पहाटे वेचलेली मोहफुले वाळत होती. वाळलेली फुले भिजवून आंबवायची, मग चुलीवर चढवून त्यांची वाफ गार करीत थेंब थेंब उतरवायची, एवढेच तंत्र. आजीने काडीने टोचलेले पळसपानांचे दोने सर्वांच्या हाती दिले आणि स्वतः ओतले. दार सताड उघडे होते. बायका-पुरुष एकाच रिंगणात बसले होते. दोना ओठांना लावण्यापूर्वी प्रत्येकाने तो किंचित कलता करून चार थेंब भुईवर सोडले. ते कुणासाठी, असे मी विचारले.

“आधी गेलेल्यांसाठी, मॅडम,” विद्यार्थिनी म्हणाली, “त्यांच्याआधी आपण कसं प्यायचं?”

माझ्या हातात दोना तसाच राहिला. माझ्या घरातला आधी गेलेला माणूस एकच, आणि त्याला हे द्यायचे? आईची साखर आठवली. तो फळीवरचा पेलाही आठवला. मग मी दोना कलता केला. चार थेंबांहून जास्तच सांडले असावेत.

उरलेला दोना मी आजीपुढे धरला. तिने काहीही न विचारता तो घेतला, पिऊन टाकला आणि पाने कुंपणापलीकडे भिरकावली. घासायला काही उरले नाही.

आईला हे मी अजून सांगितलेले नाही.