नवा मोडेम, जुना राउटर

मोडेम आणि राउटर एकाच कोपऱ्यात, एकाच धुळीत बसलेले असतात. त्यामुळे आपण दोघांनाही सरसकट ‘वायफायचा डबा’ म्हणतो. पण त्यांची कामं वेगळी आहेत, आणि नवा मोडेम आला की हा फरक माहीत असलेला बरा.

टीव्हीसारखी जाड, गोल केबल, जिची पिन फिरवून घट्ट करावी लागते, ती मोडेमला लागते. त्या केबलमधून इंटरनेट बाहेर काढणं एवढंच त्याचं काम. ते घरातल्या फोन, टीव्ही, लॅपटॉपला वाटून देतो तो राउटर.

आम्ही वडोदऱ्यात राहतो. गेल्या महिन्यात केबलवाल्याने नवा मोडेम बसवला, स्वतःचा लॅपटॉप लावून इंटरनेट आल्याचं दाखवलं. मग तीच वायर आमच्या राउटरला लावली, तर काहीच नाही. त्याने दोन मिनिटं वाट पाहिली आणि म्हणाला, “बेन, राउटर बदलवुं पडशे.” नवा राउटर त्याच्या बॅगेत तयारच होता!

तेव्हा तीन वाजून गेले होते. चार वाजता आमच्या सासूबाईंचा मिरजेला व्हिडिओ कॉल असतो, त्यांच्या धाकट्या बहिणीला. पक्षाघातानंतर मावशींना बोलता येत नाही. आई इकडून काहीबाही सांगत राहतात, मावशी बघत राहतात, कधी हसतात. मोबाइलच्या डेटावर करा की, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या तळमजल्यावर रेंजची एकच काडी दिसते. चित्र मध्येच गोठतं, आणि न बोलणाऱ्या माणसाचं चित्र गोठलं की आईंचा जीव खालीवर होतो. तिकडे काही झालं तर नाही ना?

तुम्हीच विचार करा. लॅपटॉपवर इंटरनेट आलं, म्हणजे लाइन आणि मोडेम ठीक. राउटर सकाळपर्यंत चालत होता, म्हणजे तोही ठीक. अडलं होतं ते दोघांच्या ओळखीपाशी.

प्रत्येक उपकरणाला कारखान्यातूनच १२ अंक-अक्षरांचा एक ओळख क्रमांक मिळतो, त्याला मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात. राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर तो छापलेला असतो. साधा केबल मोडेम बहुतेक वेळा एकाच उपकरणाला इंटरनेट देतो, आणि सुरू झाल्यावर जे पहिलं जोडलं जाईल त्याचाच क्रमांक धरून बसतो. आमच्या मोडेमने केबलवाल्याचा लॅपटॉप धरून ठेवला होता. त्याला तो विसरायला लावायचा उपाय म्हणजे बंद करून चालू करणं.

पण क्रम महत्त्वाचा. आधी दोन्ही बंद. मोडेममधून आलेली वायर राउटरच्या ‘वॅन’ लिहिलेल्या खाचेत. ती बाकीच्यांपासून जरा वेगळी किंवा वेगळ्या रंगाची असते. मग फक्त मोडेम चालू करायचा आणि त्याचा ऑनलाइनचा दिवा स्थिर होईपर्यंत थांबायचं. यालाच पाच मिनिटं लागू शकतात, धीर सोडू नका. त्यानंतर राउटर. आणि हो, मोडेम मिनी यूपीएसवर असेल तर भिंतीवरचं बटण बंद करून तो बंद होत नाही. पिन मोडेममधूनच काढा.

केबलवाला बॅग खांद्याला लावून उभाच होता. राउटरचा इंटरनेटचा दिवा हिरवा झाला तेव्हा त्याने आधी दिव्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि सहीचा कागद पुढे केला. राउटर जुनाच राहिल्यामुळे वायफायचं नाव-पासवर्डही तेच राहिले. आईंच्या टॅबला हातसुद्धा लावावा लागला नाही. मावशींच्या कपाळावरची टिकली वाकडी लागली आहे, हे आईंना चार वाजून दोन मिनिटांनी दिसलं.

एवढं करूनही तुमचं जमलं नाही, तर केबलवाल्याने पहिला क्रमांक त्यांच्या ऑफिसात नोंदवला असण्याची शक्यता आहे. फोन करून स्टिकरवरचा क्रमांक सांगा, ते बदलून देतात. आणि नव्या मोडेममध्येच वायफाय असेल, तर घरात दोन राउटर होतात आणि एकमेकांच्या पायात येतात. अशा वेळी मोडेम ‘ब्रिज मोड’वर टाकून द्या, असं केबलवाल्याला तो दारात असतानाच सांगा. एकदा जिना उतरला की त्याचा फोन लागत नाही.