पेटी, यंत्र आणि शब्द

सुमारे ९९ सेंटिमीटर लांबीचा लंबक एका सेकंदात एक झोका घेतो. तो लंबक आणि वजने सामावण्यासाठी पुरुषभर उंचीची लाकडी पेटी केलेली घड्याळे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये घडू लागली. त्यांना आपण ‘ग्रँडफादर क्लॉक’ म्हणतो. त्यांच्या कारागिरांत क्वेकर पंथाचे अनेक जण होते. सत्य नित्यच बोलावयाचे असता शपथेपुरते निराळे सत्य कोठून आणावे, अशी या पंथाची धारणा. म्हणून ते शपथ घेत नसत आणि घासाघीस न करता सर्वांना एकच भाव सांगत.

लंडनचा डॅनियल क्वेअर याच पंथाचा. पहिल्या जॉर्ज राजाने देऊ केलेले राजघड्याळजीचे पद त्याने नाकारले, कारण त्यासाठी राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागणार होती. त्याच परंपरेतील जॉर्ज ग्रॅहॅमकडे १७३०च्या सुमारास जॉन हॅरिसन हा अपरिचित कारागीर सागरी घड्याळाचे आराखडे घेऊन आला. ग्रॅहॅमने दिवसभर त्याचे ऐकून घेतले आणि व्याज वा तारण न मागता त्यास कर्ज दिले.

माझ्या पुतण्याचे मुळशी तालुक्यात जुन्या लाकडी सामानाचे दुकान आहे. धरणाकाठी बंगले झाल्यापासून अशा वस्तूंना गिऱ्हाईक लाभते. गेल्या वर्षी त्याच्याकडे असे एक घड्याळ आले. तबकडी आणि यंत्र जुने, इंग्लंडचे. पेटी मात्र आपल्याकडच्या सागवानाची आणि यंत्र नीट बसावे म्हणून आतील आधारांवर नव्या पट्ट्या ठोकलेल्या. एकाचे यंत्र दुसऱ्याच्या पेटीत बसवण्याला इंग्लंडचे जाणकार ‘लग्न’ म्हणतात.

एका गृहस्थांनी ते सर्वस्वी इंग्रजी समजून मोठी किंमत कबूल केली. दुकानाच्या कर्जाचे कित्येक हप्ते त्यातून फिटले असते. पुतण्या म्हणाला, “काका, मी खोटे बोललोच नाही. त्यांनीच तसे मानले.”

तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताच्या अतिचारांमध्ये ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे. अस्सलाच्या नावे दुसरे खपवणे, असा त्याचा अर्थ. तेथे जिभेपेक्षा व्यवहार पाहिला जातो. मी एवढेच विचारले, “बिलावर काय लिहिशील?”

रात्रभर विचार करून त्याने लिहिले, ‘यंत्र जुने इंग्रजी, पेटी नंतरची, येथील.’ गृहस्थ “कळवतो” म्हणाले, ते पुन्हा आले नाहीत. त्या महिन्याचा हप्ता आम्ही घरातून भरला.

घड्याळ मागे पडले तर ते साऱ्या घराला दिसते. विकणाऱ्याने गिळलेला शब्द त्याच्यावाचून कोणासच दिसत नाही. आपल्या पेढ्यांची पत मात्र त्याच शब्दावर उभी असते.