आजोबांची जीप

वडवणीच्या आमच्या घरामागे पत्र्याच्या पडवीत आजोबांची जुनी जीप कित्येक वर्षे पडून होती. १९७२ च्या दुष्काळात तिच्यामागे ट्रॉली जोडून आजोबांनी वाड्यावस्त्यांवर पाण्याची पिंपे पोचविली होती. ती गाडी पुन्हा चालू करावयाची, असे बाबांनी ठरविले. मी त्यांच्या हाताशी राहिलो.

गंजलेल्या बोल्टांवर रॉकेल सोडून आम्ही रात्रभर वाट पाहत असू. असे दोन महिने गेले. एके दिवशी बाबा घरी नसताना मी उत्साहाच्या भरात प्लगच्या चारही तारा काढून पुसल्या आणि मनास येईल तशा बसविल्या.

संध्याकाळी आजोबा मुद्दाम खाट टाकून बसले. बाबांनी कळ दाबली. इंजिन खोकले, फटफटले आणि गप्प झाले. आजोबांचा चेहरा उतरला. मी मान खाली घालून चूक कबूल केली.

बाबा रागावले नाहीत. ते म्हणाले, "या इंजिनात ठिणगी एक, तीन, चार, दोन अशा क्रमानेच पडावी लागते. लाव पाहू तारा."

मी तारा लावल्या. इंजिन घरघरू लागले. आजोबांनी डोळे मिटून घेतले.

तेव्हापासून कोणतीही वस्तू उघडण्यापूर्वी मी प्रत्येक भागावर खडूने खूण करून ठेवतो.